मागच्या दाराची किल्ली कुणाकडे?

प्रश्न: सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या बाजारपेठेतल्या शाखेत तीन महिन्यांपूर्वी मी शाखाधिकारी म्हणून रुजू झाले. अकरा जणांचा स्टाफ, जुनी इमारत, तळमजल्यावर काउंटर आणि तिजोरी, वर माळ्यावर दप्तर. गेल्या महिन्यात भर दुपारी जिन्याखालच्या इन्व्हर्टरमधून धूर यायला लागला. सगळे जागच्या जागी उभे राहून बघत राहिले. शिपाईमामा लेजर आणायला उलटे आत धावले. मागचं दार उघडायला गेलो तर त्याला कुलूप, आणि किल्ली रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या घरी. शेजारच्या दुकानात वायरमन होता म्हणून निभावलं. त्यातच जवळच्या तालुक्यात एका संस्थेवर दरोडा पडला, आणि संचालकांनी मला पुढच्या सभेआधी ‘आपत्कालीन व सुरक्षा आराखडा’ तयार करायला सांगितलं. एका सल्लागाराने चाळीस पानांचा तयार नमुना पाठवलाय. त्यात आमच्या शाखेचं असं काहीच नाही. आमचे ज्येष्ठ कॅशियर म्हणतात, “मॅडम, तीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?” मला मात्र रात्री झोप लागत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक शाखाधिकारी, सांगली

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सुरुवात कुठून करायची ते तुम्हीच एका ओळीत लिहून गेला आहात: मागचं दार, त्याला कुलूप, आणि किल्ली रजेवरच्या माणसाच्या घरी. त्यासाठी सभेची वाट पाहू नका. उद्या सकाळीच हात घाला.

त्या ओळीपाशी मी बराच वेळ अडलो, कारण असं एक कुलूप माझ्याही वाट्याला आलं होतं. एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो. पॅकिंग विभागाच्या मागे एक दार होतं, वर ‘आपत्कालीन मार्ग’ अशी हिरवी पाटी. त्या दाराने माल बाहेर जातो असा स्टोअरकीपरला संशय आला आणि त्याने कुणाला न विचारता कुलूप घातलं. चार दिवसांनी पॅकिंगच्या मशीनपाशी आग लागली. १९ बायका पाटी बघून त्या दाराकडे धावल्या. पुढच्या दार ढकलत होत्या, मागच्या पुढच्यांना रेटत होत्या आणि धूर छताकडून खाली उतरत होता. एका हेल्परने पहार घालून कोयंडा उचकटला, म्हणून सगळ्या जिवंत बाहेर आल्या. त्या दिवशीच्या तपासणीच्या कागदावर ‘आपत्कालीन मार्ग – ठीक’ असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती. मी त्या दारापर्यंत चालत गेलोच नव्हतो. आजही कुठल्या ऑफिसात गेलो की आधी मागच्या दाराला हात लावून बघतो.

तुमच्याकडचं कुलूपही कुणी आळसाने लावलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. सोनेतारण आणि रोकड सांभाळायची तर दारं बंद हवीत, हे बरोबरच आहे. पण चोराने बाहेरून आत येऊ नये आणि माणसांना आतून झटकन बाहेर पडता यावं, ही दोन कामं एका कुलपाकडून होत नाहीत. त्यासाठी दाराला आतून आडवा बार बसवतात. बाहेरच्या बाजूला कडी नाही, हँडल नाही. आतून मात्र अंगाने ढकललं तरी दार उघडतं. पॅनिक बार म्हणतात त्याला, फायरचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. त्याला भोंगा जोडून घ्या, म्हणजे कुणी गुपचूप ये-जा केली तर कळेल. तो बसेपर्यंत असं करा: सकाळी शटर उघडलं की मामांनी पहिलं काम म्हणून मागचं कुलूप काढायचं आणि ते तुमच्या टेबलावर आणून ठेवायचं. दिवसभर दार आतून नुसत्या कडीवर. कुलूप टेबलावर दिसलं की कुणाला काही विचारायला नको, आणि दिसलं नाही तर काउंटर सुरू करायच्या आधी उठून बघायचं. दाराबाहेरच्या बोळात कुणाची मोटरसायकल तर लागत नाही ना, तेही पाहून घ्या. माळ्यावरच्या खिडकीला घट्ट ग्रिल असेल, तर त्यात आतून उघडणारी एक झडप करून घ्या.

आता तो जिन्याखालचा इन्व्हर्टर. जिन्याखाली जागा मोकळी असते म्हणून सगळीकडे तो तिथेच जाऊन बसतो, आणि ती सगळ्यात वाईट जागा. माळ्यावरच्या माणसाला खाली यायला तेवढा एकच रस्ता. धूर जिन्याने वर चढतो, म्हणजे पेटलं की आधी उतरायची वाटच बंद होते. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्यांना हवा खेळती लागते. तुमच्याकडे तर बाजूला जुन्या पासबुकांचे गठ्ठेही असतील. इन्व्हर्टर बाहेरच्या भिंतीपाशी, खिडकीजवळ हलवा आणि त्याच्या आसपास कागदाचा कपटाही ठेवू नका. मेन स्विच कुठे आहे आणि तो कुणी पाडायचा, हे अकराही जणांना डोळे मिटून सांगता यायला हवं.

आगीत माणूस बहुतेक वेळा धुराने जातो. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलला आग लागली आणि १४ जण गेले. वाट न सापडल्याने अनेक जण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. म्हणून तुमच्या माणसांना एवढं पक्कं सांगा: धूर दिसला की संडास-बाथरूममध्ये शिरायचं नाही, दप्तरखोलीत तर नाहीच. वाकून, जमिनीलगत राहून दाराकडे निघायचं. आणि लेजर आणायला कुणीही परत आत जायचं नाही. हे मामांना सगळ्यांदेखत रागावून सांगू नका. त्यांनी ते निष्ठेपोटी केलं. त्यांना बाजूला बसवून सांगा की लेजरची दुसरी प्रत काढता येते. आणि मग ती प्रत खरोखर काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळीही ते धावतील.

भिंतीवरचे लाल सिलिंडर तुमच्याकडे असतीलच. विजेच्या आगीला कार्बन डायऑक्साइडचा किंवा एबीसी पावडरचा चालतो. पाणी मारायचं नाही. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करून तपासतात. पण नुसतं बघून भागत नाही, प्रत्येकाने एकदा तरी तो चालवून पाहायला हवा. मी शिकवायचो तेव्हा रिफिलिंगला जाणारे सिलिंडर मागून घ्यायचो, आवारात पत्र्याच्या जुन्या टबात चिंध्या पेटवायचो आणि सगळ्यात घाबरट माणसाला पुढे बोलवायचो. अकाउंट्समधल्या एका बाईंची पिन निघेना. पिन ओढताना त्या दुसऱ्या हाताने दांडा दाबून धरत होत्या, आणि दांडा दाबलेला असला की पिन अडकते. हे कागद वाचून कुणाला समजत नाही. मग पिन निघाली, फस्सकन आवाज झाला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या, फवारा आभाळात. दुसऱ्या खेपेला त्यांनी सहा-सात फुटांवरून, आगीच्या बुडाशी, झाडू मारल्यासारखा डावीकडून उजवीकडे फिरवला आणि आग विझली. सहा किलोचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. पहिले आठ-दहा सेकंद फवारा आभाळात गेला तर उरतं काय? आणखी एक: विझवताना पाठ दाराकडे हवी. एक सिलिंडर संपला आणि आग हटली नाही, तर दुसरा शोधायचा नाही, बाहेर पडायचं.

तुमच्या कॅशियरसाहेबांबद्दल. तीस वर्षांत काही झालं नाही, हे ते खरंच सांगताहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना दोन माणसांची हकिगत सांगा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर विष्णू झेंडे नावाचे रेल्वेचे उद्घोषक ड्युटीवर होते. गोळीबार सुरू झाल्यावर ते माइक सोडून पळाले नाहीत. मुख्य बाजूकडे येऊ नका, फलाट क्रमांक १ कडून मागच्या बाजूने बाहेर पडा, असं ते लोकलच्या प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात २० गरोदर बायका होत्या. त्यांनी वॉर्डाची दारं लावली, दिवे घालवले आणि सगळ्यांना टोकाच्या लहानशा पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला प्रसूतिकक्षापर्यंत पोचवलंही. दोघांच्याही हातात शस्त्र नव्हतं. पण झेंड्यांना स्टेशनची कोणती बाजू मोकळी आहे ते माहीत होतं, आणि कुलथेताईंना वॉर्डाचं कोणतं दार जाड आहे, कोणत्या खोलीला रस्त्यावरून दिसेल अशी खिडकी नाही, हे पाठ असणार. तुमच्या शाखेत तीस वर्षं बसलेल्या माणसाला इमारतीची जितकी माहिती असेल तितकी त्या सल्लागाराला कधी असणार नाही. म्हणून आराखड्याचा पहिला कच्चा कागद कॅशियरसाहेबांच्या हातचा असू द्या. दारं, खिडक्या, मेन स्विच, मीटर, पाण्याचा नळ, बंद पडलेली बेल, सगळं त्यांना काढू द्या. ते काम हातात आलं की त्यांचं म्हणणं आपोआप बदलेल, असा माझा अनुभव आहे.

दरोड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हत्यार समोर आलं की पैसे द्यायचे. झटापट नाही, आरडाओरडा नाही, तिजोरीची किल्ली फेकून देणं नाही. काउंटरखाली पायाने दाबायचं सायरनचं बटण असेल, तर ते दिसणार नाही अशा बेताने दाबता आलं तरच दाबायचं. चोरांकडे टक लावून बघायचं नाही, पण एखादी खूण लक्षात ठेवायची: चप्पल, चाल, बोलायची ढब, कोणता हात वापरला. दाराच्या चौकटीवर ५, साडेपाच आणि ६ फुटांवर बारीक रंगीत पट्ट्या लावून ठेवा, म्हणजे उंचीचा अंदाज चुकत नाही. ते गेले की शटर खाली, ११२ ला फोन, आणि काउंटरला कुणी हात लावायचा नाही. प्रत्येकाने काय पाहिलं ते आपापसात बोलायच्या आधी कागदावर लिहायचं. एकदा चर्चा झाली की सगळ्यांना एकच चोर दिसू लागतो.

हे झालं भर दिवसाचं. खरी कसोटी शाखा उघडायच्या आणि बंद करायच्या वेळी असते. सकाळी एकानेच आत जायचं, सगळीकडे फिरून बघायचं, आणि ठरलेली खूण दिसल्यावरच दुसऱ्याने पाऊल टाकायचं. समोरचा पडदा अर्धा सरकवलेला असणं, एवढी साधी खूण पुरते. खूण दिसली नाही तर आतल्याला हाक मारायची नाही, समोरच्या टपरीवर जाऊन ११२ लावायचा. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतातच, पण ते दोघे रोज एकाच मोटरसायकलवरून घरी जात असतील तर दोन किल्ल्यांना अर्थ नाही. जोडून सुट्ट्या आल्या की चोर मागची भिंत किंवा खिडकी फोडून गॅस कटर घेऊन येतात, आणि जाताना सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआरही उचलून नेतात. तुमचा डीव्हीआर बहुधा तुमच्याच केबिनमध्ये, टीव्हीखाली असेल. तो कुलपात, नजरेआड ठेवा आणि चित्रणाची एक प्रत बाहेर, क्लाउडवर जाईल अशी सोय करून घ्या. विम्याची पॉलिसीही या आठवड्यात काढून वाचा. सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला आणि विम्याची रक्कम जुनीच राहिली, असं पुष्कळ संस्थांत होतं. ते सोनं सभासदांचं आहे.

बेवारस पिशवी दिसली तर तिला हात लावायचा नाही, माणसं दूर न्यायची आणि ११२ ला कळवायचं. धमकीचा फोन आला तर तो आपण होऊन कापायचा नाही, समोरचा बोलेल ते शब्दशः लिहायचं. मेल आला तर पुसायचा नाही. खोटाच असेल असं आपण ठरवायचं नाही, ते पोलिसांना ठरवू द्या.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच आराखड्यात ठळक नसते आणि तुमच्याकडे घडायची शक्यता सगळ्यात जास्त. दरमहा व्याज घ्यायला येणारे ज्येष्ठ ठेवीदार उन्हातून येतात, रांगेत उभे राहतात, आणि एखादे आजोबा तिथेच कोसळतात. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यायची. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, कोपर ताठ, निदान दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. पाणी पाजायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही. अकरातल्या चौघांना तरी हे एखाद्या डॉक्टरकडून बाहुल्यावर शिकवून घ्या. या एका शिकवणीचा खर्च संचालकांनी नाकारला, तर तो स्टाफने वर्गणी काढून करावा, इतकं मला ते महत्त्वाचं वाटतं.

सांगलीत असल्यावर पुराचं तुम्हाला मी काय सांगणार! कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे तिथल्या पोरासोरांना पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २००५ पेक्षाही वर. पण त्या आकड्याला आपल्या शाखेत काय करायचं, हे लिहिलेलं नसतं. तुमचा आकडा तुम्ही ठरवा. समजा पाणी ३५ वर आलं आणि कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की त्याच दिवशी सर्व्हर वर, खालची कागदपत्रं वर, आणि सोनं हलवायची तयारी. सोनं हलवायला पोलिस बंदोबस्त लागतो. कोणत्या शाखेत, कोणत्या गाडीने, कुणाच्या सह्यांनी न्यायचं, हे उन्हाळ्यातच ठरवून पोलिस ठाण्याला पत्र देऊन ठेवा. दप्तर माळ्यावर आहे ते पुरासाठी बरं, आगीसाठी वाईट. २१ जून २०१२ ला मंत्रालयात चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरचे मजले खात गेली. म्हणून महत्त्वाच्या कागदांची स्कॅन केलेली प्रत इमारतीबाहेर हवी.

तेच संगणकाचं. बॅकअपची डिस्क संगणकाच्याच ड्रॉवरमध्ये असेल तर तिचा उपयोग नाही. एक प्रत दुसऱ्या शाखेत ठेवा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटी रुपये गेले, तेही तीन दिवसांत, दोन खेपांत. तुमच्या शाखेपुरतं इतकं: पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरवरून काढा, आणि पैसे गेल्याचा संशय आला की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभरात फोन.

आराखडा एका पानाचा करा. अकरा नावं, आणि प्रत्येकापुढे पहिल्या दोन मिनिटांतलं एकच काम. मेन स्विच कोण पाडणार, फोन कोण करणार, वयस्कर ठेवीदारांना हात देऊन कोण बाहेर नेणार, स्वच्छतागृह कोण तपासणार. प्रत्येक कामापुढे दुसरं नावही हवं, कारण त्या दिवशी किल्लीवाला रजेवर होता. मस्टर घेऊन बाहेर कोण येणार आणि सगळे कुठे जमणार, तेही त्याच पानावर. जमायची जागा रस्त्याच्या पलीकडे ठेवा, बंबाच्या वाटेत नको. पहिला सराव सांगून करा, शाखा सुरू असताना, काउंटरपुढे सभासद असताना. त्यांनाही बाहेर यायला सांगा. कुणी कुरकुरलं तर हात जोडून समजावा.

सभेत संचालकांकडे चार गोष्टी मागा: पॅनिक बार, इन्व्हर्टर हलवण्याचा खर्च, छाती दाबण्याचं प्रशिक्षण आणि विम्याची वाढीव रक्कम. इमारतीच्या अग्निसुरक्षेचा फॉर्म बी आहे का, तेही विचारा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार, जिथे अग्निसुरक्षा यंत्रणा सक्तीची आहे तिथे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे हाच फॉर्म बी, घ्यावं लागतं. ती जबाबदारी मालकाची तशीच जागा वापरणाऱ्याचीही. महापालिकेच्या अग्निशमन विभागाला पत्र देऊन एकदा त्यांना जागा बघायला बोलवा. बंब तुमच्या बोळात वळतो का, हे ते पाच मिनिटांत सांगतील.

सराव झाला की मला लिहा. घड्याळ लावून, शेवटचा माणूस रस्ता ओलांडेपर्यंत किती वेळ लागला तो खरा आकडा कळवा. पहिल्या खेपेला पाच मिनिटं लागली तरी लपवू नका, आणि मामा परत आत गेले का, तेही कळवा.